क्योटो पाहून आलेले गजूआण्णा

आमच्या पोशीरच्या देवळात आरती चालू असते तेव्हा गजूआण्णा बाहेर चपलांच्या ढिगापाशी बसलेले असतात. प्रत्येक जोड जुळवायचा, टोकं रस्त्याकडे करायची. आरती संपली की गोंधळ! सोडल्या जागी कुणालाच आपली चप्पल सापडत नाही. आण्णा शांत. "तिकडं असं नाय हां!"

तिकडं म्हणजे जपानात, क्योटोला. आण्णांची एकुलती एक मुलगी सुरेखा तिथं नोकरीला आहे. "बाबा, इथंच कायमची राहू का?" असं तिनं फोनवर विचारलं आणि कर्जतपलीकडे फारसा न गेलेला हा शेतकरी विमानात बसला. जाताना अख्ख्या आळीला सांगून गेला, "पोरीला घेऊनच येतो." आला एकटाच.

तेव्हापासून पोरीचं विचारा, आण्णा देवळं सांगतात. "अरं, तांदळाचा देव हाय तिकडं! डोंगरभर लाल कमानी, दारात दगडी कोल्हा. आपल्या भाताची लोंबी ठेवली मी. सुरेखा वरडली, बाबा, पकडतील!" जुन्या गल्लीत एका लाकडी घरापुढे त्यांनी साष्टांग नमस्कार घातला. ते चहाचं दुकान निघालं. "असंल. लाकूड तर जुनं हाय ना?"

मला संताप यायचा. इकडे आमच्या देवळाचा सागवानी सभामंडप पाडून काँक्रीट ओतायला निघालेत, आणि शेकडो वर्षांची लाकडी देवळं पाहिलेला गावातला एकमेव माणूस चपला लावत बसतो! मी विरोधाचं पत्रक काढत होतो. तडक त्यांच्या ओटीवर गेलो.

"आण्णा, तिकडचे फोटो द्या. छापतो."

"घे की हा मोबाईल. तूच शोध. मला त्यातलं कळत नाय."

छपरं, घंटा, कमानी. मग एक लाकडी पाटी. देवाकडे मागणं लिहून तिथं अशा पाट्या टांगतात. हिच्यावर मराठी होतं, अक्षर आण्णांचं. 'पोरगी घरी येऊ दे' असणार, म्हणून फोटो मोठा केला.

'देवा, सुरेखाला इथं करमू दे.'

"आण्णा, तुम्ही तर तिला आणायला गेला होता ना?"

"व्हय रं." त्यांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. "तिकडं सकाळी डबा भरताना गाणं म्हणत व्हती. आई गेल्यापासनं घरात कधी म्हणलं नाय तिनं."

"तिनं वाचलं हे?"

"छ्या! फोटो काढला नि पाटी उलटी टांगली. पीक मागितलं म्हणून सांगितलं. वाचलं असतं तर माज्यासंगं परत आली असती."