काढलं कोणी?

आमच्या जाफराबादेत मारोतराव कापडवाले कुणाच्या घरी गेले, की आधी चपला काढायचे, टोपी सारखी करायचे आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीसमोर उभे राहायचे. इथपर्यंत कुणालाही वाटावं, माणूस भाविक आहे. मग ते गुडघ्यात वाकायचे, मान तिरपी करायचे आणि तसबिरीच्या खालच्या कोपऱ्याला हात जोडायचे. देवाला नव्हे, कोपऱ्याला. चित्रकाराची सही तिथं असते.

"देवाला समदेच जोडतेत हो, मास्तर," ते मला म्हणायचे. "काढणाऱ्याला कोण जोडतं?"

निझामाच्या राज्यातले ते दिवस. शाळेत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. मी शाळेवर मास्तर होतो आणि मारोतरावांचं दुकान शाळेच्या अगदी समोर. त्यामुळे मधल्या सुट्टीत त्यांच्या तावडीतून सुटणं मला कधीच जमलं नाही. काही नवं दिसलं, की ते गादीवरूनच हाक मारायचे. नवं म्हणजे कापड नव्हे. गिरणीतून येणाऱ्या प्रत्येक ताग्यावर एक रंगीत चित्र चिकटवलेलं असायचं. त्याला तिकीट म्हणत. कुठं कमळात उभी लक्ष्मी, कुठं हत्तीवरची राणी, कुठं वाघाशी झोंबणारा पैलवान. मारोतराव मुंबईहून माल मागवायचे तो तिकिटं बघून. कापडाचा पोत, रंग पक्का की कच्चा, ही चौकशी त्यांच्या लेखी दुय्यम होती.

तिकीट सोडवताना फाटतं, म्हणून ते कापडासकट कापून ठेवायचे. त्यामुळे त्यांचा कुठलाही तागा हातभर कमीच भरायचा. बायका भांडायच्या. एकदा एक बाई लुगडं घ्यायला आली, तर मारोतरावांनी तिला लक्ष्मीचं तिकीट दाखवून तिच्या बोटांविषयी बराच वेळ सांगितलं. "बघा, बोटं कशी काढलीत. ह्या माणसानं लोणी काढणारी बाई बघितल्याली हाय, बराबर." बाई म्हणाली, "ते असू द्या, लुगडं दाखवा." मारोतरावांचा चेहरा असा पडला, की मीच गादीवर चढून तिला लुगडी दाखवली.

त्यांचा तो प्रश्न, 'काढलं कोणी?', वेळकाळ जाणत नसे. गावचे पाटील वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. पाटलांचं रंगवलेलं मोठं चित्र हार घालून ठेवलेलं. पाटलीणबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मारोतराव चित्राजवळ गेले, पाटलांच्या मिशीपाशी नाक नेलं आणि म्हणाले, "मिशी बराबर आलीय, कान चुकला. काढलं कोणी?" सगळी बैठक गार. पाटलीणबाईंनी मात्र पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "जालन्याच्या पेंटरनं. कानाचं मी बी त्येला सांगितल्तं." मग दोघं बराच वेळ कानाबद्दल बोलत बसले. बाई त्या दिवशी पुन्हा रडल्या नाहीत.

आता, ह्या माणसाला चित्रातलं फार कळत होतं, असं मात्र समजू नका. आन्व्याच्या दगडी देवळातल्या मूर्ती एकाच घरातल्या बापलेकांनी घडवल्या, असं ते छातीठोकपणे सांगायचे. कारण काय, तर काही बायांच्या कमरा म्हाताऱ्यानं केल्यासारख्या वाटतात आणि काहींच्या तरण्यानं! त्यांच्या दुकानात रामपंचायतनाची एक तसबीर होती. तिच्या कोपऱ्यातल्या इंग्रजी अक्षरांना ते रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचे. एक दिवस मी सहज वाचून पाहिलं आणि म्हणालो, "मारोतराव, ही सही नाही. हे छापखान्याचं नाव आहे. खाली पत्ता आहे."

पुढचे काही दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. नंतर मधल्या सुट्टीत स्वतः शाळेच्या दारात आले आणि म्हणाले, "मी इचार केला, मास्तर. छापखान्यात बी माणूसच असंल की." उदबत्ती पुन्हा सुरू झाली. पत्त्याला.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणालाच उलगडत नव्हती. त्यांच्या स्वतःच्या घरात एकही तसबीर नव्हती. शिवाय दर दिवाळीआधी गावातल्या घराघरांत पांढऱ्या मातीचा पोतारा फिरून भिंती उजळायच्या, पण त्यांच्या आतल्या खोलीतली एक भिंत ते पोतारू द्यायचे नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि गोदा, त्यांची मुलगी. आतल्या खोलीत जायचं आम्हाला कारण नव्हतं. त्यामुळे गावानं आपला निकाल देऊन टाकला होता, की चित्रांच्या नादात ह्याला घराकडं बघायला सवड नाही. मीही तेच समजत होतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला अजिंठ्याला नेलं. नेलं म्हणजे, बैलगाडीत घालून, वाटेत मुक्काम करत, माझं अंग खिळखिळं करून नेलं. लेण्यात शिरताच त्यांनी चपला काढल्या. तिथला पहारेकरी मोठा सालस माणूस. पांढऱ्या कापडावर बाहेरचं ऊन झेलून ते आत भिंतीवर पाडायचा आणि मग एकेक चेहरा अंधारातून वर यायचा. मारोतराव एकेका चेहऱ्यापाशी थांबत होते. मग त्यांनी भिंतीचा खालचा कोपरा शोधला. कोपऱ्यात काही नव्हतं. त्यांनी आपल्या खास हिंदीत पहारेकऱ्याला विचारलं, "मियाँ, ये तस्वीर किन्ने निकाला?"

मराठीत चित्र काढतात, म्हणून हिंदीत निकालतात, असा त्यांचा सरळ हिशोब. पहारेकऱ्याच्या हातातलं कापड खाली पडलं. पूर्वी कुणी कुणी ह्या भिंतींचे तुकडे खरवडून नेले होते आणि त्या बिचाऱ्यावर राखणीची जबाबदारी.

"निकाला? कौन निकाला? किधर से निकाला?"

"वोच तो मैं पूछ रहा," मारोतराव म्हणाले. "निकाला, और नाम भी नहीं रखा!"

पहारेकरी कंदील घेऊन एकेक भिंत तपासत धावत सुटला. मारोतरावांना वाटलं, तो नाव शोधतोय, म्हणून तेही त्याच्या मागे धावले. मी मध्ये पडून "बनाया, बनाया!" असं ओरडलो तेव्हा कुठं खुलासा झाला. पहारेकरी पायरीवर बसून पोट धरून हसला. मग म्हणाला, "बनानेवाले का नाम अल्ला जाने, सेठ. किसी ने लिखा नहीं."

मारोतरावांना हसू आलं नाही. "येवढं मोठं काम, अन् नाव न्हाई?" असं पुटपुटत ते पुन्हा आत गेले. तिथं मान खाली घातलेली एक बाई रंगवलेली आहे. तिच्यासमोर उभं राहून ते म्हणाले, "मास्तर, हे काढणारा घरात बायकोकडं नीट बघत असंल. त्याबिगर अशी मान येत न्हाई." मग त्या रिकाम्या कोपऱ्याला हात जोडले. परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही देवळापाशी गाडी थांबवली नाही. मला वाटलं, गाडीच्या धक्क्यांनी दमले असतील.

पुढं गोदाचं लग्न ठरलं. घनसावंगीहून मारोतरावांची मोठी बहीण, आक्का, कामाला आली. आक्कांचा आवाज असा, की त्या आल्याचं मला शाळेत बसून कळलं. तिसऱ्या प्रहरी गोदा धावत आली. "मास्तर, जल्दी चला. आत्या भिंत पोतारून राह्यली, अन् दादा दारात आडवे बसलेत."

मी तसाच उठलो. खरंच, मारोतराव आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते आणि आक्का पांढऱ्या मातीची बादली घेऊन समोर उभ्या होत्या. आतल्या तीन भिंती पोतारून आक्का माती कालवायला बाहेर आल्या, तेवढ्यात ते आडवे बसले होते.

"तुम्हीच सांगा, मास्तर," आक्का कडाडल्या. "उद्या हळद. पाव्हणे येणार. घरात अशी काळी भिंत ठेवतेत का? लोक काय म्हणतील?"

मी मारोतरावांना ओलांडून आत गेलो आणि भिंत पाहिली.

नागपंचमीला आमच्याकडच्या बायका भिंतीवर नाग काढतात. गेरू आणि चुन्यानं. पूजा होते आणि दिवाळीच्या पोताऱ्यात ते पुसूनही जातं. तसा ह्या भिंतीवर नाग होता. पण बाईचा हात नागावर थांबला नव्हता. नागाच्या शेपटीपासून एक रस्ता निघाला होता, रस्त्यावर बाजार भरला होता, बाजारात बैल, भांडणाऱ्या बायका आणि एक कापडाचं दुकान. दुकानात टोपी घातलेला, मोठ्या नाकाचा एक माणूस बसला होता. समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि ह्या गृहस्थानं कसलासा कागद नाकाला लावलेला. धुरानं भिंत काळवंडली होती, पण नाक बिलकुल चुकलं नव्हतं. मला हसू फुटलं आणि जिभेला लागलेली सवय, मी विचारून बसलो, "मारोतराव, काढलं कोणी?"

ते खाली बघत राहिले.

"घरातून," ते म्हणाले.

"घरातून म्हंजे?" आक्का म्हणाल्या.

"गोदीच्या मायनं."

"तिला काई नाव न्हाई का?" आक्कांनी बादली खाली आपटली. "साऱ्या मुलखात नावं इचारीत फिरतो. पाटलाच्या मयतीत इचारलंस. आज मी इचारते. तुझ्या तोंडानं नाव सांग, मंग ह्या भिंतीला हात लावत न्हाई. न्हाईतर सरक."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. थोरल्या बहिणीसमोर तर नाहीच नाही. आक्कांना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ही अट घातली. आणि मारोतराव, ज्यांनी सगळ्या जगाला हा प्रश्न विचारला होता, ते घामाघूम झाले. आक्कांनी कुंचा बादलीत बुडवला.

"कौसा," मारोतराव म्हणाले.

आक्का थांबल्या. "कौसा कोण? आपण तिचं नाव लक्ष्मी ठिवल्तं. तूच ताटात तांदळावर लिव्हलंस."

"नाव आपण दिलं, आक्का. हात ती माहेरून घेऊन आल्ती. माहेरी ती कौसा होती." ते भिंतीकडं वळले. "पंचमीला दुकानात येऊन म्हणली, एकडाव घरी येऊन बघा तरी. मी म्हणलो, तिकिटं आलीत मुंबईची, मंग बघतो. दिवाळीच्या आधीच तापानं गेली. रोज डोळ्यांसमोर असून म्या हे नीट पाह्यलं ते तिला पोचवून आल्यावर. बघा मास्तर, ती मला किती बघत होती. अन् मी बसलोय कागदाला नाक लावून."

गोदा दाराला धरून उभी होती. शेवटी आक्काच हलल्या. बादली उचलून त्यांनी भिंतीपासून लांब नेऊन ठेवली. माझ्या सदऱ्याच्या खिशात शाळेतला खडू होता. तो मी मारोतरावांच्या हातात दिला. ते वाकले, मान तिरपी केली आणि त्या काळ्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात सावकाश लिहिलं, 'कौसा'. मग हात जोडले. आक्कांनीही जोडले. आमच्या भाषेत चित्रही काढतात आणि नावही काढतात. मारोतरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा बायकोचं नाव काढलं.

लग्न थाटात झालं. वऱ्हाडातल्या बायका आत जाऊन भिंत बघून आल्या आणि नाक बघून मारोतरावांकडं बघत हसल्या. मारोतरावांना त्याचा कोण अभिमान!

पाठवणीच्या वेळी गाडी जुंपली. गोदा आक्कांच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, पण रडली नाही. वडलांचं काय होईल ह्या काळजीनं बहुधा तिला रडूच सुचत नव्हतं. मारोतराव गाडीपाशी आले. आता ते व्याह्याला चार शब्द सांगतील, असं सगळ्यांना वाटलं. ते जावयासमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले,

"जावईबापू, तुमच्या घरी हिचं नाव काय ठिवायचं ते ठिवा. पण हिनं पंचमीला भिंतीवर काई काढलं, तर येऊन बघा. तवाच्या तवा बघा. अन् खाली हिला गोदाच लिव्हू द्या."

जावयानं मान हलवली. त्याला काय समजलं देव जाणे. गोदा मात्र तेव्हा जी रडायला लागली, ती गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत आम्हाला ऐकू येत होती.