त्रिशलाबाईंची पेशीदळावरील तिसरी स्वारी

सन दोन हजार पंचविसाचे मार्गशीर्षमासी करवीर क्षेत्री जो प्रसंग जाहला, तो लहानथोरांस कळावा म्हणोन यथामति लिहिला आहे. अधिकउणे दिसल्यास वाचणारांनी पोटात घालावे, कां की लेखक स्वतः विज्ञानात दोनदा नापास.

त्रिशलाबाई नामे संशोधिका, शाहूपुरीच्या जैन घराण्यातील, येथील एका प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत अस्तरपेशींचे दळ पाळोन होत्या. या पेशींची रीत ऐसी की, शेजारणीचा हात हाती आला म्हणजे वाढणे बंद. आणि हात सुटला म्हणजे जागा न पाहता वाढत सुटावे, आणि एकीवर एक चढावे, आणि मग परमुलूख मारावा, त्यास कर्करोग म्हणतात. हात धरण्यास कॅल्शियम लागते. सबब बाईंची मसलत ऐसी की, कॅल्शियम काढोन हात सोडवावे, चार तासांनी परत देवोन जुळवावे, आणि जुळताच वाढ थांबते हे फोटोनिशी सिद्ध करावे.

याकामी दोन स्वाऱ्या बुडाल्या. घात केला तो जेवणाने. बाईंस सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राची पाळी दुपारचीच मिळे, सबब चार तास भरत ते सूर्यास्ताशीच. म्हणोन ऐन कॅल्शियम देण्याचे समयी, अर्ध्या तासाने काय बिघडते, ऐसे म्हणोन बाईंनी घराकडे कूच केले, आणि मग दाभोळकर कॉर्नरला स्कूटर अडकली, आणि मग परत येतात तो कुल दळ तळ सोडोन पाण्यावर तरंगत होते. दुसऱ्या खेपेसही हेच, हुबेहूब. बाईंस स्वतःची फार लाज वाटली.

मग मार्गदर्शक डॉक्टर सयाजीराव मुरगूडकर यांचा हुकूम सुटला की, शुक्रवारी फोटो न आल्यास विषय सोडावा, तीन वर्षे गेली ती गेली. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तिसऱ्या स्वारीचे दिवशी उपास करावा ऐसा बेत ठरला, तो मातोश्री आक्कासाहेबांच्या कानी गेला.

"उपाशी ऱ्हाऊन पेशी वाढत्यात व्हय गं?"

"वाढू नयेत म्हणूनच की, आक्का!"

आक्कासाहेबांस हे शास्त्र पटले नाही. मंगळवारी सायंकाळी त्या डबा घेवोन जातीने प्रयोगशाळेच्या जिन्यात ठाण मांडोन बसल्या. आत कॅल्शियमचे थेंब पडत, आणि बाहेरोन सूर्याची खबर येई: "गच्चीखाली गेला! झाडात शिरला! ये की गं!" तरी एकही थेंब चुकला नाही. मग शेवटचा थेंब पडताच हातमोजे फेकोन, हात धुवोन, जिन्यात बसोन, दोन भाकऱ्या आणि मुगाची उसळ चार मिनिटांत काबीज केली. नेम राहिला, ठसका मात्र लागला.

शुक्रवारी पाहतात तो पेशी हातात हात घालोन उभ्या, आणि तीन दिवसांच्या मोजणीत संख्या होती तेवढीच. शेजारच्या ताटलीत, जेथे औषध देवोन हात धरू दिले नव्हते, तेथे एकीवर एक ढीग. एरवी फौजा पुढे सरकोन जिंकतात. ही जागीच थांबोन जिंकली. बाईंस रडू आले.

फोटो आक्कासाहेबांपुढे ठेविला. त्यांनी चष्मा लावोन बहुत वेळ पाहिला.

"एवढंच व्हय? ही तर नुसती फरशी हाय की."

"आक्का, फरशीच पायजे हुती!" सयाजीराव मागोन ओरडले.

येणेप्रमाणे त्रिशलाबाईंनी चार बोटे रुंद ताटलीत फरशी बसविली आणि विषय राखिला. फत्तेची ही नोंद आक्कासाहेबांचा रिकामा डबा साक्ष ठेवोन केली असे.