बंदुकीला भाकरीचा शेक

"हत्यार हे मालकाचा हात ओळखतं!" हे वाक्य माझं आहे. एकोणीसशे एकोणसाठच्या माघात, आमच्या गावच्या भैरवनाथाच्या पायरीवर उभं राहून, शंभर-सव्वाशे माणसांसमोर मी ते खणखणीत आवाजात म्हटलं होतं. त्यानंतर अर्ध्या तासाने त्याच पायरीवर चंद्राबाई त्याच हत्याराला गरम भाकरीचा शेक देत होत्या.

हा अर्धा तास कसा गेला ते सांगतो.

बंदुकीतलं मला कळत नाही असं काही नाही. एकोणीस वर्षं मी दारूगोळ्याच्या कचेरीत कारकून होतो. माझ्या हाताखालून किती हजार रायफली गेल्या असतील, गणती नाही. सगळ्या कागदावर गेल्या, तीन-तीन प्रतींत. प्रत्यक्षात त्यांतली एकही मी उचलली नव्हती, पण हे मुद्दाम कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. पेन्शन घेऊन गावी आलो, रानडुकरांपासून पीक राखण्याचा परवाना काढला आणि पुण्याच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून बावीस बोअरची जुनी रायफल घेतली. साधीसुधी नव्हे! एकदा खटका ओढला की पुढचं काडतूस आपलं आपण नळीत भरणारी!

"म्हंजी आपोआप चालती?" गावात विचारणा झाली.

"अर्धी आपोआप."

"मग उरल्याली अर्धी कुनी चालवायची?" बहिरू भगत म्हणाला. त्या वेळी मी हसलो होतो.

आता आमच्या गावची रीत. जत्रेच्या सकाळी बार निघाल्याशिवाय पालखी उठत नाही. हा बार वरच्या आळीच्या कोंडिबाच्या घराण्याचा मान. सात पिढ्या त्यांच्या ठासणीच्या बंदुकीतून निघत आलेला. डोंगराआडून सूर्य वर आला की ऊन आधी देवळाच्या कळसाला लागतं, मग हळूहळू खाली उतरतं. ते पायरीला टेकायच्या आत बार निघाला पाहिजे. नाही निघाला, तर मान खालच्या आळीकडे जातो, तो कायमचा!

त्या दिवाळीत कोंडिबाच्या बंदुकीची नळी तडकली. म्हातारा आठ दिवस नीट जेवला नाही. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो आणि हातवारे करून म्हणालो, "कोंडिबा, एक कशाला? पाच बार काढतो. एकामागून एक!"

जत्रेच्या सकाळी म्हाताऱ्याने आमच्या घरी येऊन आपला लाल शेला माझ्या कमरेला बांधला. "अप्पा," तो म्हणाला, "सात पिढ्या तुमच्या हातात दिल्यात बगा."

देवळापुढे खालच्या आळीचा गेणबा लोखंडी उखळीत बाराची दारू ठासून, पेटता काकडा हातात धरून उभा होता. "चालू द्या अप्पा, चालू द्या! आमी काय, हाईच मागनं!"

थंडी अशी होती की बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्दाआधी वाफ बाहेर पडत होती. कळसावर ऊन आलं. मी ते हत्याराचं वाक्य म्हटलं. काडतुसं भरली, आतली दांडी मागे ओढली आणि सोडली.

ती तिथेच राहिली.

म्हणजे पुढे जाऊन खट्‌दिशी बसायची, ती अर्ध्या वाटेतच थांबली. एक काडतूस नळीच्या तोंडाशी अर्धं आत, अर्धं बाहेर. दारात अडकलेल्या जावयासारखं! मी दांडी ढकलली. हलेना. ओढली. हलेना. खटका दाबला. नुसताच लुळा पडला.

"देवाला नमस्कार करायला थांबलीय," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. ऊन कळसावरून उतरून शिखराच्या अर्ध्यावर आलं होतं.

मग उपाय सुरू झाले. बहिरू भगताने तिच्यावर भंडारा उधळला. तो तिच्यापेक्षा माझ्याच डोळ्यांत जास्त गेला. एकाने दस्ता दगडावर आपटून बघायला सांगितलं. त्याला चौघांनी धरून मागे नेलं. कोणीतरी म्हणालं, "पौडचा रमजानभाई हाय न्हवं हितं? बोलवा त्येला!"

रमजानभाई स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचा. जत्रेच्या बत्त्या घेऊन तो आलाच होता. त्याने रायफलीला हात लावला नाही. पाठीमागे हात बांधून वाकला, फटीत डोकावला आणि हुंगलं.

"अप्पा, हिला काय घातलंय?"

"तेल," मी म्हणालो. "जुनं यंत्र आहे. सढळ हाताने घातलंय."

"कंचं तेल?"

बायकांच्या घोळक्यात आमच्या सौभाग्यवती रत्नाबाई उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. सकाळपासून त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, "अहो, खोबरेलाची नवी बाटली पाहिलीत का?" दोन्ही वेळा मी शेला कसा दिसतो ते आरशात बघत होतो.

"चांगल्यातलं तेल," मी म्हणालो.

"ह्ये खोबरेल हाय!" रमजानभाईने साऱ्या गावाला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "थंडीनं गोठलंय! आतनं दांडी पार थिजून बसलीय!"

मी घोळक्याकडे बघितलं नाही.

"मग आता?"

"ऊब लागली की पाघळंल. पाघळलं की दांडी आपसूक पुढं जाईल." रमजानभाई दोन पावलं मागे सरकला. "पर गेली की थांबंल का बार उडंल, ते अल्ला जाने. तवा नळीचं तोंड कुटं हाय ते बगा आधी."

अप्पांच्या भोवतीची गर्दी एका क्षणात विरळ झाली. अप्पा म्हणजे मी. मला तेव्हा स्वतःबद्दल असं लांबूनच बोलावंसं वाटत होतं.

मी नळी हळूच उजवीकडे वळवली.

"अवो, तिकडं माझी म्हस बांदलीय!"

डावीकडे वळवली.

"अप्पा, तिकडं भुकूम हाय!" साळूबाई ओरडल्या. "माझी लेक दिलीय तितं!"

"भुकूम चार कोस लांब आहे, साळूबाई!"

"गोळीला काय चालत जायाचंय व्हय?"

वर केली. बहिरू भगत किंचाळला, "कळस! कळस!" खाली केली. खालून आवाज आला, "ती पायरी माझ्या आज्यानं बशिवलीय! नाव हाय त्येच्यावर!"

दंड भरून आले होते. ऊन देवळाच्या घंटेवर आलं होतं. गेणबा काकड्यावर फुंकर मारत होता, अगदी प्रेमाने.

"अप्पा," गर्दीतून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "तुमच्याच घराकडं करा की."

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, एकटंच. घरात कोणी नाही. मागे नुसता कातळ.

"व्हय व्हय! ह्येच बरं!" शंभर माणसं एका आवाजात म्हणाली. विहिरीवरून, रस्त्यावरून, शाळेवरून ज्या गावाचं कधी जमलं नव्हतं, त्याचं माझ्या घराबाबत पुरतं एकमत झालं.

मी नळी घराकडे धरली. सगळे माझ्या पाठीमागे आले. इतका पाठिंबा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

ऊन माझ्या टोपीला लागलं. मग कपाळाला. पण रायफल छातीशी होती, सावलीत. आणि पायरी तिच्याखाली जेमतेम अडीच हात.

कोंडिबा माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. एकटाच. बाकी कोणी इतकं जवळ यायला तयार नव्हतं. नुसता उन्हाकडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

"अगं बाई, ह्यात काय येवडं!" जत्रेच्या भाकरी भाजणाऱ्या चंद्राबाई तवा सोडून उठल्या. पदराच्या टोकात तव्यावरची भाकरी धरून सरळ पायरीवर आल्या. "मुरगाळलंय ना? मग शेक द्या की!"

"चंद्राबाई, लांब व्हा!"

"गप ऱ्हावा. माझ्या सासूचा गुडगा असाच धरायचा." आणि त्यांनी वाफाळती भाकरी रायफलीच्या फटीवर दाबून बसवली. "आता हलवू नका."

मी हललो नाही. कोणीच हललं नाही. ऊन माझ्या नाकावर आलं. हनुवटीवर आलं. भाकरीखालून तेलाचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. कोमट. मग दुसरा.

"पाघळतंय," रमजानभाई कुजबुजला.

चंद्राबाई भाकरी घेऊन मागे झाल्या. आत काहीतरी सरकलं. अगदी हळू. मी खटक्यावरचं बोट काढून घेतलं, सगळ्यांना दिसेल असं हवेत उंच धरलं. ऊन शेल्यावर आलं. गुडघ्यावर आलं. गेणबाने काकडा उखळीशी नेला.

खट्‌!

चट्‌! चट्‌! चट्‌! चट्‌! चट्‌!

पाचही! माझं बोट हवेतच! अर्धी आपोआप म्हणून घेतलेली रायफल पुरती आपोआप चालली. वर आमच्या घरावरची पाच कौलं एकापाठोपाठ एक उडाली.

आणि सगळं गाव अजून बाराची वाट बघत उभं!

बावीस बोअरचा आवाज इतका बारीक असतो हे मला माहीत नव्हतं; तो मी आधी कधी ऐकलाच नव्हता. कागदावर आवाजाचा रकाना नसतो.

"ह्यो बार?" गेणबा खो-खो हसत सुटला. "ह्यो बार? अरं, लाह्या फुटल्या लाह्या! ह्याला बार म्हनायचा तर माझी म्हातारी जेवल्यावर रोज बार काढती!"

बार ऐकला की नाही हे सांगायचा मान मानकऱ्याचा. सगळं गाव कोंडिबाकडे वळलं. आणि सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. चाळीस वर्षं कानाशी ठासणीची बंदूक उडवून कोंडिबा ठार बहिरा झाला होता. देवळातला ढोल त्याला ऐकू येत नसे.

ऊन पायरीपासून चार बोटांवर होतं.

म्हातारा माझ्या घराच्या छपराकडे बघत होता. उडालेली कौलं त्याने मोजली असावीत, कारण त्याने हात वर केला आणि पाची बोटं पसरली.

"ऐकला!" तो गरजला. "पाच ऐकलं! उचला पालखी!"

"अरं, ह्या म्हाताऱ्याला ढोल ऐकू येत न्हाई!" गेणबा ओरडला.

"आँ?" कोंडिबा कानाशी हात नेत म्हणाला. "काय म्हंतोस?"

पालखी उठली. ढोल वाजले. कोंडिबाने माझ्या कमरेचा शेला सोडला, डोळ्यांना लावला आणि पालखीपुढे चालू लागला. रमजानभाईने रायफल रिकामी असल्याची तीनदा खात्री करून घेतली. मी त्या कोणाच्यातरी आज्याच्या पायरीवर बसलो. पाय आपोआप दुमडले होते, पुरते.

तेवढ्यात समोर रत्नाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी छपराकडे पाहिलं. रायफलीकडे पाहिलं. तेलाने माखलेल्या भाकरीकडे पाहिलं.

मी घसा साफ केला. कौलांचं काय, उद्याच्या उद्या नवी आणतो, मान राहिला हे महत्त्वाचं, असं बरंचसं भाषण मनात जुळवलं होतं.

"कौलांचं नंतर बघू," त्या पदर सावरत हळू आवाजात म्हणाल्या. "बाटलीत थोडं उरलं असेल, तर तेवढं आणून द्या. वेणी घालायची राहिलीय."