मुलाचं वय क्ष मानू

माझ्या भावाला, ईरप्पाला, जुळ्या मुली झाल्या ते वर्ष एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मला अक्षरओळख झाली तीच चाळिशीत. दिवसा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलचा माग चालवायचो आणि सुटल्यावर रात्रशाळेत सातवीचं गणित शिकायचो. 'क्ष' हाती लागल्यापासून माझा रुबाब मामलेदारासारखा झाला होता! येईल त्याला सांगायचो, "समीकरण मांडता आलं की जगात काही अडत नाही!"

त्याच वर्षी माझ्या मुलीला, रुद्राणीला, पाहायला मोडनिंबहून विरुपाक्ष आला. सोबत श्रीमंत नावाचे त्याचे काका आणि अज्जी, म्हणजे आजी, पार्वतम्मा. स्थळ चांगलं. रुद्राणीलाही मुलगा आवडला असावा. चहा बशीत सांडला तरी तिचं लक्ष नव्हतं. पण मध्यस्थाने वय सांगितलं होतं पंचवीस, आणि मुलाचं डोकं तर ज्वारी काढलेल्या रानासारखं!

"अवो, वय इचारा की," शरणम्मा, माझी बायको, कुजबुजली.

"सरळ कशाला? समीकरण मांडतो!" मी वही उघडली. "अज्जी, नातू जन्मला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

अज्जींची हयात ज्वारीची पोती मोजण्यात गेलेली. त्या क्षणभरही अडल्या नाहीत.

"आता त्यो जेवढा हाय, त्याच्या दुप्पट हुते मी. आन् आज त्याच्या तिप्पट हाय!"

वा! अगदी पुस्तकातलं उदाहरण! मुलाचं वय क्ष मानलं. दोन क्ष अधिक क्ष बरोबर तीन क्ष. ऐटीत सगळे क्ष एका बाजूला नेले, आणि सगळेच उडाले! खाली उरलं, शून्य बरोबर शून्य.

"काय आलं?" काकांनी विचारलं.

"शून्य," माझ्या तोंडून निसटलं.

"आमच्या पोराला शून्य म्हणता? अजून जलमलाच न्हाई व्हय त्यो?"

"तसं नाही! क्ष काहीही असू शकतो. पाच, पन्नास, ऐंशीसुद्धा!"

"ऐंशी!" शरणम्मा किंचाळली. काका तरातरा चपलांकडे निघाले. मी घाम पुसत तेच समीकरण पुन्हा मांडलं. पुन्हा शून्य!

रुद्राणी ताडकन बाहेर आली आणि थेट मुलासमोर उभी राहिली.

"वय किती वो तुमचं?"

"अठ्ठावीस. मला कुणी इचारलंच न्हाई की!"

"मला चालतंय."

अज्जी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पाव्हणं, मी एकच गोष्ट दोनदा सांगितली की! दोन येगळ्या गोष्टी इचारायच्या असत्यात. श्रीमंत, बस रं खाली. पोरीला लई अक्कल हाय. बापाचं काय, त्यो कुटं आपल्या घरात नांदायला येणार हाय?"

लग्न ठरलं, झालंही. पुढे दर महिन्याला मी वही घेऊन मोडनिंबला जायचो. रुद्राणीला वाटायचं, अण्णा माझ्या ओढीनं येतात. मीही तिला कधी खरं सांगितलं नाही. सातवीचं गणित मला तोंडी शिकवलं ते पार्वतम्मांनी. त्यांना एकही अक्षर येत नव्हतं. मी पस्तीस गुणांनी पास झालो. अज्जी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात वारल्या.