दोन साडूंचे दोन पूल

रुग्णालयाच्या जुन्या इमारतीतली यंत्रं नव्या इमारतीतल्या यंत्रांशी बोलत नव्हती. जुन्या इमारतीतल्या रक्त-तपासणी प्रयोगशाळेत यंत्रांना जोडणारं तारांचं जाळं होतं. नव्या इमारतीतल्या शस्त्रक्रिया विभागात सॉफ्टवेअरने विणलेलं आभासी जाळं होतं. ते नेमकं कुठे आहे असं विचारलं की तिथले लोक छताकडे बोट दाखवत. त्यामुळे एक व्हरांडा ओलांडायला रक्ताच्या अहवालाला अख्खी दुपार लागे.

जुन्या जाळ्याचे प्रमुख आणि नव्या जाळ्याचे प्रमुख एकमेकांचे साडू. तेही आपसांत बोलत नसत, पण त्यामागचं कारण तांत्रिक नव्हतं. सासरी आधी 'या, बसा' कोणाला म्हणतात, यावरून ते बिनसलं होतं.

अधीक्षकांनी बाहेरून एक इंजिनिअर बाई बोलावली. तिने एका सर्व्हरचा एक पाय जुन्या जाळ्यात ठेवला, दुसरा नव्या जाळ्यात, आणि मधे पूल बांधला. इकडचं यंत्र तिकडच्या यंत्राला शेजारी समजू लागलं. अहवाल क्षणात पोचला. टाळ्या पडल्या.

"हा पूल ठेवलाय कुठे?" जुन्या जाळ्याच्या थोरल्या साडूंनी विचारलं.

"नव्या इमारतीत."

"म्हणजे माझं रक्त त्यांच्या दारातून जाणार?"

तातडीची बैठक भरली. समन्यायी धोरणानुसार जुन्या इमारतीलाही पूल मंजूर झाला.

"दोन पूल ठेवा, पण चालू एकच. दुसरा राखीव," बाई म्हणाली.

"राखीव कोणाचा?" दोन्ही साडूंनी एकदमच विचारलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

अधीक्षकांनी आदेश काढला: दोन्ही पूल समान दर्जाने कार्यरत राहतील.

"साहेब, एका पुलावरून गेलेला निरोप दुसऱ्यावरून परत येईल."

"मग चांगलंच की! आमच्याकडून गेलेलं काहीच परत येत नाही, अशीच तर लोकांची तक्रार असते."

आदेश लेखी होता. बाईने दुसरा पूल चालू केला.

थोड्याच वेळात प्रयोगशाळेतल्या प्रिंटरने सवयीप्रमाणे सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारला: अमुक पत्ता कोणाचा? प्रश्न एका पुलावरून गेला, दुसऱ्यावरून परतला आणि नवाच आहे असं समजून पुन्हा पाठवला गेला. अशा प्रश्नाला वय नसतं. तो दमत नाही की मरत नाही. बाकीच्या यंत्रांचेही प्रश्न त्याला येऊन मिळाले आणि जाळ्यात अहवालाला पाय ठेवायला जागा उरली नाही. दोन्ही इमारतींतले संगणकांचे पडदे गोठले.

नेमक्या त्याच वेळी शस्त्रक्रियागृहाच्या दारात स्ट्रेचरवर पित्ताशयाच्या खड्यांची रुग्ण वाट पाहत होती. ती दोन्ही साडूंची सासू होती. रक्तगटाचा अहवाल आला नव्हता. सर्जन हातमोजे घालून, दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखे उभे होते.

"मी पळत जाऊन कागदावर घेऊन येते," नर्स म्हणाली.

"कागदी अहवाल आता ग्राह्य नाही," धाकटे साडू म्हणाले. हा नियम त्यांनीच केला होता आणि आता त्यांना घाम फुटला होता.

"कोणताही एक पूल बंद करा," इंजिनिअर बाई ओरडली. "आत्ता सुटेल!"

"त्यांचा करा."

"का? त्यांचा करा!"

सासूबाई कोपरावर रेलून उठल्या. "काय चाललंय?"

बाईने दोन वाक्यांत सांगितलं. सासूबाईंना एकातच कळलं होतं.

"थोरले जावई, तुमचा बंद. धाकटे, तुमचाही बंद."

"आई, दोन्ही बंद केले तर अहवाल यायचा कसा?" धाकटे कळवळले.

"मग ही मुलगी एक चालू करेल. कोणता, ते तिने मला सांगायचं नाही, आणि तुम्हा दोघांना तर मुळीच नाही."

अहवाल आला. शस्त्रक्रिया झाली. खडे निघाले. आपलाच पूल चालू आहे याबद्दल दोन्ही साडूंच्या मनात आजही शंका नाही. त्यामुळे त्यांना एकमेकांची कीव येते, आणि कीव येऊ लागल्यापासून ते बोलूही लागले आहेत.

गोष्ट इथेच संपली असती. पण अधीक्षकांना भरून आलं. त्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश धाडला: 'एकजुटीचा विजय! निदान दहा जणांना पाठवा.' कर्मचाऱ्यांनी तो नातेवाइकांना पाठवला, नातेवाइकांनी कर्मचाऱ्यांना. संध्याकाळी तो अधीक्षकांकडेच परत आला. त्यांना तो फार आवडला; त्यांनी तो पुन्हा पाठवला. वाटेत कोणीतरी त्यात भर घातली, की दोन पुलांमधे उभं राहिलं तर पित्ताचे खडे आपोआप विरघळतात. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात रांग लागली.

अधीक्षकांनी इंजिनिअर बाईला फोन केला. "हे थांबवा हो!"

"साहेब, यंत्रांचा एक पूल बंद केला की भागतं," ती म्हणाली. "इथे बंद कोणाला करू?"

तो संदेश अजून फिरतोच आहे. तुम्ही म्हणाल, असलं काही आम्ही वाचतसुद्धा नाही. ते खरंच असणार, कारण आम्हाला तो तुमच्याकडूनच आला.