कुंडीत पाणी ओतू नये

"तुमाले काहीच करायचं नाई," असं बायको म्हणाली आणि मी चटकन हो म्हटलं. वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला याहून सोपं काम कोणतं असणार?

ज्योत्स्ना ऐन मे महिन्यात राजुऱ्याला माहेरी निघाली होती. तिच्या धाकट्या बहिणीनं, उर्वशीनं, नागपूरहून तिला एक झाड दिलं होतं. झेडझेड म्हणतात त्याला. गर्द हिरवी, चकचकीत पानं. अंधारात राहतं, पाण्यावाचून जगतं. (गडचिरोलीत राहायचं, घरामागे एवढं जंगल, आणि झाड आणायचं नागपूरहून! मी बोललो होतो. माझं कोण ऐकतं?) उन्हापायी आमची बैठकीची खोली पडदे ओढून अंधारी केलेली असते. तिथेच दाराशी ती कुंडी ठेवली.

"पाण्याचा थेंब टाकू नका. बुड सडते त्याचं," ज्योत्स्नानं बजावलं. "मी आली का उर्वशी पाहाले येणार हाय. झाड मेलं तर तिच्यासमोर माही मान खाली जाईन."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या रुखमाबाई आल्या. मी ग्लासभर पाणी दिलं. त्या अर्धं प्यायल्या आणि उरलेलं, माझ्या डोळ्यांदेखत, कुंडीत ओतलं!

"बाई, त्याले पाणी चालत नाई!"

"काऊन? झाडच हाय ना?"

"झाड हाय, पन..."

"मंग? उरलेलं पाणी फेकाव नाई बापा, झाडाच्या बुडाशी टाकाव. तुमच्या मायनं नाई शिकवलं?"

माझ्या आईनंही हेच शिकवलं होतं, म्हणून मी रिकामा ग्लास उचलला. पण इथे तर सगळ्या गावाला आयांनी हेच शिकवून ठेवलेलं! दूधवाला मुखरू आला, त्यानं ओतलं. वर्गणीवाले आले, त्यांनी ओळीनं ओतलं. माझ्या ऑफिसातला खुशाल आला. त्यानं बाहेर जाऊन तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला, गुळणी केली आणि उरलेलं पाणी घेऊन कुंडीपाशी हजर! मी कुंडी आतल्या खोलीत नेली, तर तो ग्लास घेऊन घरभर फिरला.

"भाऊ, झाड कुठी गेलं?"

मी ग्लास अर्धा भरून द्यायला लागलो, तर लोक अर्ध्यातलंही अर्धं झाडासाठी राखू लागले. कुंडीची पार चिखलानं भरलेली धानाची बांधी झाली. (रोपांची रोवणी तेवढी बाकी होती.) आणि एके सकाळी बुडाचं एक पान पिवळं दिसलं. मी ते तोडून खिशात घातलं.

मग मात्र माझं डोकं सणकलं. घर माझं, पाणी माझं, आणि पुण्य यांना? त्या दिवसापासून मी पाणी देणंच बंद केलं. माणसांना.

आठवडाभरानं एका भर दुपारी खुशाल आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बसला. आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, नळ नाई आला का आज?"

"आला ना."

"मंग पाणी..."

"चहा घे."

चहा कोणी झाडाला घालत नाही, हा माझा हिशेब. त्या उन्हात बिचाऱ्यानं फुंकून फुंकून चहा घेतला आणि घाम पुसत गेला.

संध्याकाळी राजुऱ्याहून फोन. "अहो, तुमी लोकायले पाणी देत नाई म्हनते? रुखमाबाईनं सांगतलं मले. अवो बापा, दुश्मनालेही पाणी पाजतेत!"

"तुह्या झाडापायीच करून राह्यलो मी हे!"

"झाडाले देऊ नका म्हनलं होतं. मानसायले नाई!" फोन बंद.

आणि ती ठरल्या दिवसाआधीच परत आली. सोबत सासरे. सासऱ्यांच्या हातात राजुऱ्याहून भरून आणलेली पाण्याची कॅन! गल्लीतली झाडून सगळी माणसं दारात उभी. मी धावत माठातलं गार पाणी घेऊन आलो.

"राहू द्या जावईबापू," सासरे म्हणाले. "आमी आपलं आनलं." आणि बाहेर ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर, कॅनमधलं पाणी पोटभर प्यायले.

ज्योत्स्ना थेट कुंडीकडे गेली. बोटानं माती चाचपली. कोरडी! पानं उलटून पाहिली. टवटवीत! एवढी बदनामी सोसली, पण झाड वाचवलं होतं. माझा ऊर भरून आला. आता ही चार शब्द चांगले बोलेल म्हणून मी कॉलर सारखी करून उभा राहिलो.

तेवढ्यात सासरे आत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि कॅनमध्ये उरलेलं सगळं पाणी कुंडीत रिकामं केलं.

मी ज्योत्स्नाकडे पाहिलं. तिनं पदरानं कुंडीचा काठ पुसला.

"बरं केलं बाबा," ती म्हणाली. "या घरात त्या बिचाऱ्याले कोनी घोटभर पाणी पाजलं नसन."