चंद्राक्काच्या गाडीची बारीक कामं

एका जंगलात एक सिंह होता, असं म्हटलं की गोष्ट बरी वाटते. पण या जंगलात सिंह नव्हता. एक स्पोर्ट्स कार होती.

लाल रंगाची, दोन सीटांची, बसकी. फार जुनी. जांभळाच्या झाडाखाली उभी होती. ती तिथं कशी आली असं विचारू नका, मुलांनो. सिंह कसा आला, असं तुम्ही कधी विचारलं होतं का?

गाडी चंद्राक्का नावाच्या कासविणीची होती. म्हणजे चंद्राक्का गाडीखाली राहायची. जंगलात यालाच मालकी म्हणतात.

एके दिवशी डोंगरापलीकडून बगळा आला.

"आक्का, तुमच्या धाकट्या बहिणीचा निरोप आहे. राहीची नजर चाललीय. वैद्य म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत टिकेल. ती म्हणते, दिसतंय तोवर आक्काचं तोंड बघायचंय."

"मग तिला म्हणावं, ये इकडं."

"म्हटलं मी. तर म्हणाली, एवढा डोंगर चढून बघायचं काय? कासवच ना ती."

चंद्राक्का हसली. राही लहानपणापासून अशीच होती. हसता हसता तिचे डोळे भरून आले. मागचा पाय दरडीखाली सापडल्यापासून चंद्राक्काला डोंगर चढता येत नव्हता. ती बराच वेळ आडवी पडून राहिली. मग तिचं लक्ष वर गेलं. वर गाडी होती.

तिनं सुदामला बोलावलं. सुदाम साळिंदर जंगलातला मेकॅनिक होता. अंगावरचे काटे हीच त्याची हत्यारं. जाड काटा पाठीवरचा, नाजूक काटा मानेवरचा. त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"इंजिन ठणठणीत आहे, आक्का. स्टार्टरची वायर तेवढी तुटलीय. जेवायच्या आत होईल."

"मग कर बाबा. गाडी चालवायला माकड तयार आहे."

माकड गाडी चालवणार, यात हसण्यासारखं काही नाही, मुलांनो. तुम्ही रस्त्यावर पाहिलं असेल.

"लगेच कसं करू?" सुदाम म्हणाला. "आधी बारीक कामं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या जंगलात लहानांची पंगत आधी बसते. मुंग्या जेवून उठल्याशिवाय हत्ती पानावर बसत नाही. फार चांगली रीत आहे. हत्ती वाळलाय, पण रीत चांगली आहे. जंगलात सगळंच या रितीनं चालतं. दुरुस्तीसुद्धा.

"वायर हातभर लांब आहे," सुदाम म्हणाला. "तिच्याआधी बोटभर, नखभर, तीळभर, सगळं व्हायला नको का?"

चंद्राक्का जन्मभर रितीनं वागली होती. ती म्हणाली, "बरं. पण डोळ्यांचं काम आहे रे."

"म्हणून तर नीट करतो."

सुदामनं गाडीतल्या घड्याळाचा सेकंदकाटा काढला. तो गंजला होता. सुदामनं तो चिंचेच्या कोळात भिजवला, राखेनं घासला, मऊ पानानं पुसला. काटा लखलखला. मग त्याच्या मागची तबकडी कळकट दिसायला लागली. सुदामनं तबकडी केली. मग तबकडीभोवतीची कडी कळकट दिसली. ती केली. मग राखदाणीचं झाकण घेतलं. गाडीत कुणी विडी ओढत नव्हतं, पण झाकण उघडताना करकरायचं.

झाकण झालं. तेवढ्यात एक मुंगी म्हणाली, "सुदामदादा, याच्या आतला स्क्रू काट्याहून लहान आहे."

सुदामचा चेहरा पडला. पंगत चुकली होती. त्यानं सगळं पुन्हा काढलं आणि स्क्रूपासून सुरुवात केली.

पावसाळा गेला. थंडी आली.

"सुदाम, वायर कुठवर आली?"

"आलीच, आक्का. काच वर करायच्या हँडलची घुंडी राहिलीय."

"कुठाय घुंडी?"

"ती नाहीच. हरवलीय. अगदी तशीच बनवतोय."

"कशी होती, कुणी पाहिलीय का?"

"कुणीच नाही. म्हणून तर वेळ लागतोय."

आता लांबलांबून जनावरं गाडी बघायला यायची. सेकंदकाटा बघून हरणं गप्प व्हायची. रानडुकरं पाय पुसून यायची. मोरानं गाडीसाठी एक मंडळ काढलं आणि तोच अध्यक्ष झाला. पहिल्याच दिवशी त्यानं चंद्राक्काला बाजूला घेतलं.

"आक्का, तुमची पाठ जरा खरबरीत आहे. खालून घासली तर रंग जाईल. तुम्ही पलीकडच्या बुंध्याशी राहिलात तर?"

"गाडी माझी आहे ना?"

"तुमचीच. म्हणून तुम्हाला जास्त काळजी हवी."

चंद्राक्का पलीकडच्या बुंध्याशी राहायला गेली.

थंडी सरत आली तेव्हा एकच काम राहिलं होतं. सुदामनं वायर हातात घेतली. बघायला सगळं जंगल जमलं. माकड स्टिअरिंगपाशी जाऊन बसलं होतं. त्याला पाय धुऊन यायला सांगितलं. ते धुऊन आलं.

मोर म्हणाला, "सुदाम, ही वायर जोडली तर गाडी सुरू होईल का?"

"होणारच."

"सुरू झाली तर हलेल?"

"हलणारच की."

"हलली तर धूळ बसेल. काट्यावर, झाकणावर, घुंडीवर."

सुदाम वायर हातात धरून तसाच उभा राहिला. याचा त्यानं विचार केला नव्हता.

"सुदाम," चंद्राक्का म्हणाली, "माझ्या बहिणीचे डोळे चाललेत."

सुदाम वाईट नव्हता, मुलांनो. त्याला रडू आलं. "आक्का, तुमच्यासाठी जीव देईन. पण घुंडीवर ओरखडा आला तर मला बघवणार नाही."

त्यानं वायर केळीच्या पानात गुंडाळून जपून ठेवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माकडानंही वाजवल्या.

चंद्राक्कानं बगळ्याला बोलावलं. "राहीला सांग, मला येणं जमत नाही. गाडी दुरुस्त झालीय, म्हणून."

बगळा मूळचाच बोलका. त्यानं राहीला निरोप थोडक्यात सांगितला आणि गाडीचं वर्णन सविस्तर केलं. सेकंदकाट्यात आपली चोच कशी दिसते, तेही सांगितलं. राहीनं ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी डोंगर चढायला लागली.

ती पोचली तेव्हा जांभळाला मोहर आला होता. चंद्राक्का लंगडत सामोरी गेली.

"आलीस गं, राही."

"आले बाई. काय डोंगर आहे. गाडी कुठाय?"

"आधी माझ्याकडं बघ तरी."

"तू कुठं पळतेस? डोळ्यांचा भरवसा नाही, आधी ते बघून घेते."

राहीनं गाडी बघितली. काटा बघितला. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज आला नाही. घुंडीला नाक लावून ती कितीतरी वेळ बसली. सुदाम शेजारी उभा राहून एकेक गोष्ट समजावत होता.

"आक्का, काय बारीक काम आहे गं," ती मधेच म्हणायची.

"इकडं बघ की."

"बघते. एवढा स्क्रू झाला की."

स्क्रू बघायला फार वेळ लागला. तो खरंच फार लहान होता. ऊन कलत आलं तेव्हा राही डोळे चोळत वळली.

"झालं. ये आता. अशी उजेडात ये."

"उजेडातच आहे मी," चंद्राक्का म्हणाली.

मग राहीनं हात पुढं केला. आधी तो हवेत फिरला. मग चंद्राक्काच्या पाठीवर टेकला आणि सावकाश इकडून तिकडं गेला.

"केवढी खरबरीत झालीस गं," राही म्हणाली. "इतका चांगला कारागीर आहे इथं. त्याच्याकडून घासून घे."

चंद्राक्कानं मान हलवली. मग राहीला ते दिसणार नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती म्हणाली, "बरं."

तात्पर्य: बारीकसारीक गोष्टींची मनापासून काळजी घ्यावी, मुलांनो. मग मोठ्या गोष्टीची काळजी करावी लागत नाही. ती तोवर उरलेलीच नसते.